छत्तीसची कंबर

गिऱ्हाइकाने दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की मास्तर त्याच्या तोंडाकडे बघत नसत. ते कमरेकडे बघत. "चौतीस," असं मनाशी म्हणून मग टेप लावत, आणि तीही गिऱ्हाइकाच्या समाधानापुरती. टेपची मास्तरांशी वाद घालायची सहसा छाती होत नसे. पस्तीस वर्षं त्यांनी फक्त पँट शिवल्या. शर्ट शिवणाऱ्यांनाही ते टेलर म्हणत, पण म्हणताना किंचित हसत.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे कापड कापायचं टेबल, मध्ये दोन मशीन, मागे पडदा आणि पडद्याआड मास्तरांची बायको. काजं तिची, बटणं तिची, तळाची तुरपाई तिची आणि शेवटची इस्त्रीही तिचीच. पाटीवर मात्र फक्त मास्तर होते. पाटी लहान आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मास्तर सगळ्यांना एकच ऐकवत. "माणूस वयाबद्दल खोटं बोलेल, पगाराबद्दल खोटं बोलेल, पण कंबर खोटं बोलत नाही." आणि मग आपल्या कमरेवर हात ठेवत. वीस वर्षं छत्तीस. ना एक दोरा इकडे, ना एक दोरा तिकडे. लोक नोकरीतून निवृत्त झाले, त्यांची पोरं परदेशी गेली, मास्तरांची कंबर मात्र जागच्या जागी. आपल्या हातून आयुष्यात काही भव्य घडलं नाही याची त्यांना खंत नव्हती, कारण हे घडलं होतं.

अशा माणसाच्या पोटात डाव्या बाजूला, खाली, एका सकाळी कळ आली. मास्तरांनी तिला गॅस ठरवलं. दुपारी ताप चढला तेव्हा गॅसलाच ताप आला असावा, असंही म्हणून पाहिलं. संध्याकाळी मशीनवर वाकता येईना, तेव्हा बायकोने रिक्षा बोलावली आणि मास्तर आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला अर्धवट पिन लावलेल्या पँटमध्ये उभं सोडून गेले.

स्कॅन झाला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, डायव्हर्टिक्युलायटिस. मास्तरांनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि नाद सोडला. एवढ्या नावाला कापडही सव्वा मीटर लागलं असतं. डॉक्टरांनी मग कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. मोठ्या आतड्याच्या भिंतीला वयोमानाने बाहेरच्या बाजूला छोट्या छोट्या पिशव्या येतात. बहुतेकांना त्या असतात हे कळतही नाही. पण एखादी सुजली, तिच्यात जंतू वाढले, की हे असं होतं.

"म्हणजे खिसे," मास्तर म्हणाले.

"तसं म्हणा हवं तर."

"कुणी सांगितले होते पाडायला?"

हा प्रश्न त्यांनी खरंच रागाने विचारला होता. न मागता खिसे टाकणाऱ्या कारागिराला त्यांनी दुकानात उभं केलं नसतं, आणि इथे तर त्यांच्याच पोटात वळणावर ओळीने खिसे पडले होते, तेही त्यांना न विचारता.

अँटिबायोटिक झाली. काही दिवस नुसतं पाणी, गाळलेलं सूप आणि रस. मग हळूहळू मऊ जेवण, मग भरपूर चोथ्याचं जेवण. मास्तर उठले, कामाला लागले, आणि आजार संपला असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं. आजाराला कुणी विचारलं नव्हतं. तो सात महिन्यांनी पुन्हा आला.

आता घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. मास्तरांची लेक दुसऱ्या शहरात नोकरी करायची, ती तिथून मोबाइलवर लेख पाठवायची. मास्तर लेखाची लांबी बघून ठेवून देत. सगळ्यांवर कडी म्हणजे मेव्हणे, मास्तरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं पित्ताशय दहा वर्षांपूर्वी काढलं होतं, आणि त्यातले खडे त्यांनी एका बाटलीत घालून दिवाणखान्यात ठेवले होते. त्या तीन खड्यांच्या जोरावर ते अर्धे सर्जन झाले होते. आधी त्यांनी बियांवर बंदी घातली. डॉक्टर म्हणाले बियांचा काही दोष नाही, खुशाल खा. मेव्हणे म्हणाले, "डॉक्टरांचं पोट दुखतंय का?" एवढ्यावर बंदी कायम झाली आणि बायको वर्षभर काकडीच्या बिया चमच्याने काढत बसली.

आजारी असणं तरी सोपं, दोन आजारांच्या मधलं बरं असणं महाकठीण. तेव्हा मास्तर कुणाला आजारी वाटत नसत, आणि स्वतःला बरे वाटत नसत. डाव्या बाजूला जरा कुठे ओढलं की हातातली कात्री थांबायची. बाजारातल्या कुठल्या इमारतीत कुठल्या मजल्यावर संडास आहे आणि त्याला कडी आहे की नाही, हे त्यांना तोंडपाठ झालं. लेकीने नवीन घर घेतलं, दोनदा बोलावलं. मास्तरांनी दोन्ही वेळा कामाचं निमित्त केलं. सहा तासांचा बसचा प्रवास त्यांनी मनातल्या मनात केला होता आणि दुसऱ्याच थांब्यावर उतरून परत आले होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ताकास तूर लागू न देण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. पहिल्या आजारातून उठले तेव्हा पँट कमरेला सैल झाली होती. चांगली इंचभर. आता दुसऱ्या कुणी काय केलं असतं? पट्टा आवळला असता, चारचौघांनी विचारलं असतं, "काय हो, वाळलात?" आणि गोष्ट उघड्यावर आली असती. मास्तर दुसरे कुणी नव्हते. बायको दुपारी घरी गेली, तेव्हा त्यांनी दुकानाचं दार लोटलं, पँट उलटी केली आणि मागच्या मधल्या शिवणीवर आतून नवी टीप मारली. जुनी टीप तशीच ठेवली, जादा कापड आत दुमडलं. कापड कापायचं नाही हा त्यांचा नियम, कारण कंबर परत वाढली की कापड लागतं. तीन पँट होत्या, तिन्हीला मारली. संध्याकाळी पँट अंगावर अशी बसली होती, की मेव्हणे म्हणाले, "काही म्हणा मास्तर, तब्येत टिकवून आहात."

दुसऱ्या आजारानंतर दुसरी टीप पडली, तिसऱ्यानंतर तिसरी.

गंमत अशी, की पहिली टीप त्यांनी जगाला फसवायला मारली होती. तिसऱ्या टिपेपर्यंत ते स्वतःच फसले. दवाखान्यात वजनाचा काटा खाली आला, तर म्हणाले, "काटा तपासून घ्या." डॉक्टरांनी मागचे आकडे दाखवले. मास्तरांनी उभं राहून कमरेत दोन बोटं घालून दाखवली. बोटं जेमतेम जात होती. "बघा. तशीच बसते. वीस वर्षं हीच पँट." डॉक्टरांना पँटशी वाद घालायचं शिक्षण मिळालं नव्हतं. आणि मास्तरांचा चेहरा इतका निरागस होता, की खोटं बोलतोय असं कुणालाही वाटलं नसतं. कारण ते खोटं बोलतच नव्हते. रोज सकाळी पँट चढवायची, ती कमरेला बरोबर बसायची, आणि एका टेलरला यापेक्षा मोठा पुरावा कुणी द्यावा?

चौथा आजार मात्र हातचं राखून आला नाही. ताप उतरेना, पोट फळीसारखं कडक. स्कॅनमध्ये दिसलं, की आतड्याच्या बाहेर पू साठलाय. कातडीतून बारीक नळी घालून तो काढावा लागला. दहा दिवस मास्तर खाटेवर पडून होते, अंगात हॉस्पिटलचा नाडीचा पायजमा. त्याची शिलाई बघून त्यांना पोटापेक्षा जास्त त्रास झाला, असं ते सांगत. पण नर्स नळी तपासायला यायची तेव्हा ते डोळे मिटून बायकोचा हात घट्ट धरून ठेवत, हे सांगत नसत.

घरी जायच्या दिवशी सर्जन आल्या. शांत बाई, फार बोलायच्या नाहीत.

"सूज पूर्ण उतरली, की ठरवून ऑपरेशन करता येईल. खराब झालेला वीतभर भाग काढायचा आणि दोन टोकं जोडायची. करायलाच हवं असं नाही. पण पू झाला म्हणजे परत होण्याची शक्यता वाढली. आणि कधी फुटलंच, तर मग घाईत पोट उघडावं लागतं, आणि तेव्हा बहुधा काही महिने शौचासाठी पोटावर बॅग लावावी लागते."

"आणि ठरवून केलं तर बॅग नाही?"

"बहुतेक नाही. अजिबातच नाही, असं शपथेवर सांगणार नाही मी."

मास्तरांनी जरा विचार केला. "टोकं जोडता म्हणजे... हाताने?"

"बहुतेक वेळा स्टेपलरने."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. त्या नजरेत पस्तीस वर्षांची कारागिरी दुखावलेली होती. स्टेपल! ज्याने लोक वीजबिलाला पावती जोडतात! शिवाय बाईंच्या पांढऱ्या कोटाचा डावा खांदा अर्धा इंच उतरलेला होता, हे त्यांना आल्याआल्या दिसलं होतं. ज्यांना आपला खांदा दिसत नाही त्यांना माझं आतडं काय दिसणार, असा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे मांडला. कोट हॉस्पिटलच्या साठ्यातून आला होता, एवढं लहान पोरालाही कळलं असतं.

"सहा आठवडे घ्या," सर्जन म्हणाल्या. "मग मला सांगा. नको असेल तर नको सांगा. टाळायचं असेल तरी ठरवून टाळा, एवढंच."

सहा आठवडे झाले. मास्तरांनी फोन केला नाही. हॉस्पिटलमधून एकदा फोन आला, तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकाला देतात ते उत्तर दिलं, "झालंच आहे, चार दिवसांत या." पलीकडची मुलगी बुचकळ्यात पडली. चार दिवसांनी पुन्हा तेच. पस्तीस वर्षं लोकांना ताटकळत ठेवण्याचा अनुभव असा कामी आला. दरम्यान एका दुपारी दार लोटून तिन्ही पँटना चौथी टीप मारून झाली होती.

शेवटी लेकच आली. बस पकडून, रजा टाकून, सकाळी सरळ दुकानात. नेमके त्याच वेळी मेव्हणेही हजर, कारण त्यांची कंबर वर्षाला इंचाने वाढायची आणि पँट सैल करून घ्यायला ते मास्तरांकडे यायचे. दुकानात वैद्यकीय परिषद भरली.

"बाबा, आज काय ते सांगून टाका त्यांना," लेक म्हणाली.

"मी सांगतो," मेव्हणे म्हणाले. "पोट एकदा उघडलं, की त्याला हवा लागते. मग माणूस पहिल्यासारखा राहत नाही."

"काका, तुमचंही उघडलं होतं ना?"

"म्हणून तर सांगतोय! मी पहिल्यासारखा राहिलो का?"

त्यांच्याकडे बघून कुणालाही हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना.

मास्तरांना जोर चढला. कापायच्या टेबलाला टेकून त्यांनी भाषण सुरू केलं. चार वेळा आलं, चार वेळा परतवलं. औषधं आहेत, पथ्य आहे. आजारी माणूस कसा असतो? खंगतो, वाळतो, कपडे लोंबतात. "आणि माझ्याकडे बघ," ते लेकीला म्हणाले. "तीन वर्षांत कमरेत एका दोऱ्याचा फरक पडला असेल, तर उद्या दुकान बंद करतो. छत्तीस होती, छत्तीस आहे!" आणि त्यांनी कमरेत दोन बोटं घालून गिरकी घेतली.

मागे पडद्याआड इस्त्रीचं बटण बंद झाल्याचा आवाज आला.

बायको बाहेर आली. तिच्या हातात मास्तरांची तपकिरी पँट होती, नुकतीच इस्त्री केलेली, अजून गरम. तिने टेबलावरचं गिऱ्हाइकाचं कापड बाजूला सारलं. मास्तरांच्या टेबलावरचं काही न विचारता सरकवायची तिची ही पहिलीच वेळ. पँट तिने मागची बाजू वर करून सपाट पसरली.

"खिसे बघा," ती म्हणाली.

मागचे दोन खिसे. पँटच्या पाठीवर त्यांच्यात चांगलं सहा-सात बोटांचं अंतर असतं, असायला हवं. इथे एक बोट बसलं असतं, तेही करंगळी. मधली शिवण आत आत घेत गेल्यामुळे दोन्ही खिसे सरकत सरकत एकमेकांच्या इतके जवळ आले होते, की आणखी एका टिपेत त्यांची गाठ पडली असती. दुसऱ्या कुणी अशी पँट शिवून दिली असती, तर मास्तरांनी ती रस्त्यावर फेकली असती. आणि ते स्वतः ती घालून सहा आठवडे बाजारात मिरवत होते. आरशात पाठ दिसत नाही. शिवाय मास्तर आरशात बघतच नव्हते, हे वेगळंच.

बायकोने पँट उलटी केली. आत जाड घडी, आणि घडीवर एकामागे एक चार टिपा. सुरेख, सरळ, एकही टाका चुकलेला नाही. लेकीने त्यावर बोट फिरवलं आणि तिचे ओठ हलले. ती मोजत होती.

मेव्हणे तोंड उघडून बघत होते, पण त्यातून काही बाहेर येत नव्हतं. दहा वर्षांत असं झालं नव्हतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मास्तरांनी विचारलं.

"पहिल्या टिपेपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?" ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "मला वाटायचं, मी बोलले की ते खरं होईल. तुम्ही शिवत होतात तोवर तुम्हाला वाटत होतं सगळं ठीक आहे. आणि तुम्हाला वाटत होतं, तोवर मलाही थोडं वाटायचं. पण ह्या चौथ्या टिपेनंतर पाचवी मारायला जागा नाही हो. मी बघितलं, टेप लावून बघितलं."

तिने गळ्यात टेप अडकवली होती, काज मोजायची. तिने ती काढली आणि मास्तरांच्या कमरेभोवती घातली. हजारो कमरा मोजलेला हा माणूस, त्याची कंबर दुसऱ्या कुणी मोजायची ही पहिलीच वेळ. मास्तर हात जरा वर करून उभे राहिले, अगदी गिऱ्हाइकासारखे.

"बत्तीस," ती म्हणाली.

मास्तरांनी टेपवरचा आकडा वाकून स्वतः बघितला. मग स्टुलावर बसले. घाबरले होते ते, आणि घाबरलेला माणूस जसा दिसतो तसेच दिसत होते. स्टेपलर, खांदा, हवा, सगळं बाजूला पडलं. खरी भीती एवढीशी होती. गुंगीतून जाग येणार नाही, आणि आलीच तर पोटावर बॅग असेल, आणि पँटची कंबर त्या बॅगेवर बांधता येणार नाही, आणि ही बाई ती बॅग बदलत बसेल. सर्जन बोलल्यापासून हे त्यांच्या पोटात होतं. त्यांनी ते आता बोलून टाकलं, लेकीच्या आणि मेव्हण्यांच्या देखत, जमिनीकडे बघत.

"बदलेन," बायको म्हणाली. "त्यात काय आहे? तुमच्या पँटची कंबर मी जरा उंच बांधून देईन. ती मला येते बांधता."

मास्तरांनी वर बघितलं. हे त्यांना माहीत नव्हतं.

"उसव," ते पँट पुढे सरकवत म्हणाले. "सगळ्या."

तिने सुई घेतली, पण टाके सापडेनात. टीप इतकी बारीक होती. शेवटी मास्तरांनीच चष्मा लावला. ती शिवण ताणून धरायची, ते टाका उचलायचे. एक टीप गेली, मग दुसरी. तिसरी जाताना घडी सैल पडली आणि कापड पसरायला लागलं. चौथी गेली. मास्तर पडद्याआड गेले, ती पँट चढवली आणि मुठीत कंबर धरून बाहेर आले. पँट त्यांच्या अंगावर लोंबत होती. लेकीने तोंड फिरवलं. मेव्हणे एकदम म्हणाले, "करून टाका, मास्तर," आणि आपण काय बोललो हे ऐकून स्वतःच दचकले.

फोन मास्तरांनीच लावला. एका हाताने फोन, एका हाताने कंबर. सर्जन बाई स्वतः बोलल्या. मास्तर म्हणाले, "वजन कमी झालंय माझं. बरंच. मागे सांगितलं ते चुकीचं होतं. आणि मला भीती वाटते. पण करूया." पलीकडून बाई बराच वेळ काहीतरी शांतपणे सांगत राहिल्या. मास्तर मान डोलावत राहिले, मग तारीख त्यांनी कापडाच्या चिंधीवर खडूने लिहून घेतली.

फोन ठेवला तर बायको स्टुलावर बसून रडत होती, पदर तोंडाला लावून, तीन वर्षांचं एकदम.

"आता रडतेस?" मास्तर म्हणाले. आवाज चढा काढायचा होता, पण तो फुटला. "तीन वर्षं काय करत होतीस मग?"

"इस्त्री," ती म्हणाली.